लॅटिनकडे मराठीच्या वाटेनं या

रत्नागिरीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग देतो:

"तीस वर्षं मुलांकडून वनस्पतींची शास्त्रीय नावं पाठ करून घेतली, पण त्या शब्दांचे अर्थ मला स्वतःला धड माहीत नव्हते. एकदा एका मुलानं विचारलं, 'बाई, फायकस तर पुल्लिंगी वाटतं, मग पुढे रिलिजिओसा कसं?' त्याला उत्तर देता आलं नाही. आता वेळ आहे. 'होर्तुस मलाबारिकुस' हा सतराव्या शतकातला वनस्पतींचा लॅटिन ग्रंथ मुळातून वाचावा अशी फार इच्छा आहे. इंग्रजीतलं एक व्याकरण आणून दोन महिने तक्ते पाठ केले, पण साधं वाक्य समोर आलं की काही सुचत नाही. मुलगा म्हणतो, ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर आहे, तेच वाच. माझं वय बासष्ट. शाळेत दहावीपर्यंत संस्कृत होतं. इथे शिकवणारं कोणी नाही. नाद सोडून द्यावा का? नसेल, तर सुरुवात कशी करू? एखादी परीक्षा द्यावी का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

नाद मुळीच सोडू नका. आधी त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तुमची पुढची वाट त्यातूनच निघते. लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुतेक वेळा स्त्रीलिंगी असतात, शेवटी 'उस' असला तरी. रोमन लोक तसं बोलत आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनी तो रिवाज पुढे चालवला. म्हणून फायकसला विशेषण स्त्रीलिंगी लागतं: पिंपळ रिलिजिओसा, उंबर रॅसिमोसा. तुतीचंही तेच, मोरस अल्बा. आता हेच 'पांढरा' या अर्थाचं विशेषण चंदनाच्या नावात पाहा, सॅन्टॅलम अल्बम. चाकवतात पाहा, चिनोपोडियम अल्बम. ही दोन्ही नामं नपुंसकलिंगी. माठाच्या प्रजातीचं नाव पुल्लिंगी, म्हणून तिथे अमरँथस अल्बस. अल्बस, अल्बा, अल्बम म्हणजे आपलं पांढरा, पांढरी, पांढरं.

हे समजायला तुम्हाला कष्ट पडले नसणार. इंग्रजी बोलत वाढलेल्या माणसाला मात्र निर्जीव वस्तूला लिंग असतं, आणि विशेषणाला त्या लिंगाप्रमाणे बदलावं लागतं, हे आधी पटवावं लागतं. पलंग तो, खुर्ची ती, टेबल ते, हे आपण चालायला शिकतो त्या वयात शिकलो. शेजारच्या हिंदीत दोनच लिंगं उरली आहेत. मराठी, कोकणी आणि गुजराती यांनी तिन्ही राखली. लॅटिनचीही तीनच.

मला तुम्हाला मुख्य सांगायचं आहे ते हेच. तुमची दोन महिन्यांची मेहनत फुकट गेल्यासारखी वाटते, त्याचा दोष वयाला देऊ नका आणि स्मरणशक्तीलाही देऊ नका. तुम्ही लॅटिन इंग्रजीच्या दारानं शिकायला गेलात. ते दार तुमच्यासाठी लांबचं आहे. वही मराठीत ठेवा, अर्थ मराठीत लिहा, वाक्य समजून घेताना मनात मराठी येऊ द्या. पुष्कळशा जागी लॅटिन आणि मराठी हातात हात घालून चालतात आणि इंग्रजी एकटीच दुसरीकडे असते.

एक अगदी साधं वाक्य घ्या. अग्रिकोला फीलियाय रोसम दत. शब्दाला शब्द ठेवा: शेतकरी, मुलीला, गुलाब, देतो. क्रमसुद्धा हलवावा लागला नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे वाक्य वाचताना शेवटच्या क्रियापदाकडे उडी मारावी लागते, मग मागे येऊन कोणी कोणाला काय दिलं ते जुळवावं लागतं. तुम्ही ही सवय चुकूनही लावून घेऊ नका. डावीकडून उजवीकडे, शब्द येतील तसे वाचत जा आणि क्रियापदाची वाट पाहा. मराठी बोलताना आपण दिवसभर तेच करतो.

दुसरं उदाहरण मला स्वतःला फार आवडतं. लॅटिनमध्ये 'मिही प्लकेत' म्हणतात. 'मिही' म्हणजे मला, 'प्लकेत' म्हणजे आवडतं. 'मी आवडतो' अशी रचना नाही. आवडणारी वस्तू कर्ता आणि माणूस चतुर्थीत. इंग्रजी पुस्तक इथे एक खास नियम देतं आणि अपवादांची यादी पाठ करायला सांगतं. तुम्ही फक्त 'मला आवडतं' म्हणा आणि पुढचं पान उलटा.

मराठी फसवते अशाही जागा आहेत. त्या कोणत्याही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी जागा भूतकाळाची. आपण 'मुलीनं गुलाब तोडला' म्हणतो. मुलीला 'नं' लागतो आणि क्रियापद गुलाबाच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. लॅटिनमध्ये साध्या भूतकाळात असं होत नाही. पुएल्ला रोसम कर्प्सित. मुलगी प्रथमेत, गुलाब द्वितीयेत, क्रियापद मुलीप्रमाणे; 'मुलगी गुलाब तोडते' याच सांगाड्यावर. मराठी माणसाचा हात इथे हमखास 'नं' शोधतो. पण हेच वाक्य कर्मणी करा: रोसा आ पुएल्ला कर्प्ता एस्त. आता गुलाब प्रथमेत, मुलीच्या आधी 'कडून' या अर्थाचा 'आ', आणि 'कर्प्ता' हे रूप गुलाबाच्या लिंगाप्रमाणे. लॅटिनमध्ये 'रोसा' स्त्रीलिंगी, म्हणून 'कर्प्ता'. आपलं 'तोडला' जसं गुलाबाकडे बघून ठरतं तसंच. म्हणजे आपला रोजचा भूतकाळ लॅटिनच्या कर्मणी भूतकाळासारखा घडलेला आहे. एवढं एक ध्यानात ठेवलंत तर ज्या प्रकरणाला भले भले अडखळतात ते तुम्ही सहज ओलांडाल.

दुसरी जागा 'ला' प्रत्ययाची. 'मुलीला गुलाब देतो' आणि 'मुलीला बघतो', मराठीत दोन्हीकडे 'ला'. लॅटिनमध्ये देताना चतुर्थी, फीलियाय. बघताना द्वितीया, फीलियम. शंका आली की मुलीच्या जागी निर्जीव वस्तू घालून पाहा. 'झाड बघतो' यात 'ला' गळला, म्हणजे ती द्वितीया.

आता तक्त्यांबद्दल. ते टाकून द्या असं मी म्हणणार नाही, पण त्यांचा क्रम बदला. अमेरिकी पुस्तकांत विभक्तींचा क्रम एक, ब्रिटिश पुस्तकांत दुसराच. तुम्ही तिसरा घ्या, आपल्या शाळेतला. प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी, संबोधन. राहिली एक, जिला इंग्रजीत अ‍ॅब्लेटिव्ह म्हणतात. ती संस्कृतातल्या तृतीया आणि पंचमी या दोघींचं काम करते, आणि सप्तमीचंही बरंचसं. कशानं, कशापासून, कशात, हे तिन्ही अर्थ तिच्या पोटात. द्विवचन नाही, ही सुटका. नामांचे पाच गट आहेत आणि क्रियापदांचे चार. सगळे एकदम घेऊ नका. वाचताना जो गट पुढ्यात येईल त्याचा तक्ता त्या दिवशी स्वतःच्या हातानं लिहून काढा. आधी वाक्यात भेटलेलं रूप तक्त्यात पाहिलं की लक्षात राहतं; आधी तक्त्यात घोकलेलं वाक्यात ओळखू येत नाही, हा अनुभव तुम्ही घेतलाच आहे.

दहावीपर्यंतचं संस्कृतही कामाला येईल. अस्ति आणि एस्त, सन्ति आणि सुन्त, पितृ आणि पातेर, सप्त आणि सेप्तेम. या दोन भाषांचं नातं विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात बोलून दाखवलं आणि तिथून भाषांच्या तौलनिक अभ्यासाला मोठी चालना मिळाली. व्याकरणातही जुनी ओळख निघते. संस्कृतातली सति सप्तमी आठवते ना? 'सूर्ये अस्तं गते', सूर्य मावळल्यावर. लॅटिनमध्ये तीच रचना अ‍ॅब्लेटिव्हमध्ये येते: 'उर्बे कप्ता', शहर घेतल्यावर. रूप कर्मणी पण अर्थ कर्तरी अशी काही क्रियापदं भेटतील, तेव्हा आत्मनेपद आठवा. फक्त सारख्या शब्दांच्या याद्या करण्यात महिने घालवू नका. त्यात रमायला होतं, आणि वाचन तिथल्या तिथेच राहतं.

पुस्तक कोणतं? तुमच्यासाठी मी डोळे मिटून हान्स ओर्बर्ग या डॅनिश शिक्षकाचं 'लिंगुआ लातिना पेर से इल्लुस्त्राता' सांगेन. त्याचा पहिला भाग 'फामिलिया रोमाना', पस्तीस धड्यांचा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फक्त लॅटिन, इंग्रजीचा एक शब्द नाही. पहिलंच वाक्य 'रोमा इन इतालिया एस्त', रोम इटलीत आहे. शेजारी नकाशा असतो. पुढचं प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यांतून आणि समासातल्या चित्रांतून उलगडत जातं, आणि हळूहळू एका रोमन कुटुंबाची, त्यांच्या मुलांची आणि गुलामांची गोष्ट उभी राहते. मधे इंग्रजी नसल्यामुळे तुमच्या मनात आपोआप मराठी येईल. आणलेलं व्याकरण कपाटात राहू द्या, अडलं तेव्हा उघडायला.

हे पुस्तक वाचायची माझी रीत सांगतो. प्रत्येक धडा पुन्हा पुन्हा वाचायचा, मोठ्यानं. आज नवं पान घ्यायच्या आधी कालचं आणि परवाचं वाचायचं. भाषांतर लिहीत बसायचं नाही. वाक्य ऐकल्यावर चित्र डोळ्यांसमोर आलं की ते समजलं. रोज पाऊण तास पुरे, पण रोज. रविवारी चार तास बसून सोमवार ते शनिवार सुट्टी, असं भाषेच्या बाबतीत चालत नाही. सोळावा धडा जड जाईल, कारण आत्मनेपदासारखी ती क्रियापदं आणि 'शहर घेतल्यावर'वाली रचना दोन्ही तिथेच येतात. एकविसाव्यात पूर्ण भूतकाळ येतो. या दोन्ही ठिकाणी मुक्काम वाढवा, मागचे धडे पुन्हा वाचा. पहिल्या पुस्तकाला वर्ष-सव्वा वर्ष लागेल असं धरून चाला.

उच्चारांची फार चिंता करू नका, पण एका पद्धतीला धरून राहा. रोमन काळचा उच्चार घेतलात तर 'सी' हे अक्षर नेहमी क आणि 'व्ही'चा उच्चार व. चर्चमधल्या परंपरेत ए आणि ई या उच्चारांच्या आधी 'सी'चा 'च' होतो. दोन्ही चालतात. त आणि द आपलेच दंत्य म्हणा, इंग्रजीच्या सवयीनं ट आणि ड म्हणू नका. ऱ्हस्व-दीर्घ मात्र पाळा, त्यावर अर्थ फिरतो. 'मलुस' म्हणजे वाईट, 'मालुस' म्हणजे सफरचंदाचं झाड. ओर्बर्गच्या पुस्तकात दीर्घ स्वरांवर आडवी रेघ छापलेली असते. वर्गात तुम्ही फायकस म्हणत होतात ते चुकीचं नव्हतं; तो इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांचा उच्चार आहे. रोमन माणूस फीकुस म्हणाला असता.

तीन-चार महिन्यांनी आठवड्यातला एक दिवस तुमच्या झाडांसाठी राखा. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसचा 'स्पेसिएस प्लांतारुम' हा ग्रंथ १७५३ चा. त्याची पानं इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. त्यात पिंपळाचं वर्णन एका ओळीचं आहे: फीकुस फोलिईस कोर्दातीस ओब्लोंगीस इन्तेगेर्रिमीस अकूमिनातीस. क्रियापद नाहीच. फीकुस प्रथमेत आणि बाकीचे पाचही शब्द अ‍ॅब्लेटिव्हच्या अनेकवचनात, सगळ्यांचा शेवट 'ईस'. 'फोलिईस' म्हणजे पानांनी, आणि मागची चार विशेषणं त्या पानांची: हृदयाकार, लांबट, कडा अगदी अखंड, टोक लांब निमुळतं. मराठीत तृतीयेचा 'शी' प्रत्यय आहे ना, तो इथे चपखल बसतो: हृदयाकार, लांबट, अखंड कडांच्या, निमुळत्या टोकाच्या पानांनिशी असलेला फीकुस. पिंपळाचं पान हातात धरून ही ओळ वाचा. चार विशेषणं, आणि प्रत्येक त्या पानावर बोट ठेवून दाखवता येतं. अशी वर्णनं वाचायला विल्यम स्टर्न यांचं १९६६ मधलं 'बोटॅनिकल लॅटिन' फार उपयोगी आहे. नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्येच द्यायची सक्ती २०११ अखेरपर्यंत होती; आता इंग्रजीही चालतं. म्हणजे तुम्ही शिकवत होतात त्यातली बरीच वर्षं ही भाषा वनस्पतिशास्त्रात रीतसर लिहिली जात होती.

मग होर्तुस. हेन्ड्रिक व्हान रेडे हा कोचीनचा डच गव्हर्नर. त्यानं मलबारच्या वनस्पतींवर करवून घेतलेले हे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. माहिती इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांची, आणि त्यांच्या जोडीला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य. या तिघांनी दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत आणि कोकणी भाषेत छापलेलं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात कोकणी अक्षरं उमटली, तीही एका लॅटिन ग्रंथात. चित्रांवरही रोमन, मलयाळी, अरबी लिपींबरोबर नागरीत नावं आहेत. तुम्ही रत्नागिरीच्या, ही नावं वाचताना कोणाच्याही मदतीशिवाय झाड ओळखाल अशी खूप ठिकाणं येतील.

पहिल्या खंडातलं पहिलं झाड नारळ, 'तेंगा'. तिथूनच सुरुवात करा. माडाचं मूळ कसं, खोड कसं, फळ कसं हे तुम्हाला पाठ आहे, त्यामुळे अनोळखी लॅटिन शब्दाचा अर्थ पुष्कळदा वस्तूवरूनच लागेल. मात्र ही लिनीयसची तुटक भाषा नाही. सतराव्या शतकातल्या शिकलेल्या माणसांचं, लांबलचक वाक्यांचं गद्य आहे, म्हणून फामिलिया रोमाना संपवल्याशिवाय त्याला हात घालू नका. छपाईच्या काही खोडी आधीच माहीत असू द्या. तेव्हाचा लांब 'एस' जवळजवळ 'एफ'सारखा दिसतो. 'यू' आणि 'व्ही' यांची अदलाबदल असते, तशीच 'आय' आणि 'जे' यांची. आणि एखाद्या शब्दाच्या शेवटी 'आ' दाखवणाऱ्या 'ए' अक्षरावर छोटी टोपी दिसली तर बहुधा ती अ‍ॅब्लेटिव्हची खूण आहे. ही टोपी वाचकाच्या सोयीसाठीच घातलेली असते, तिचे आभार माना.

मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. के. एस. मणिलाल यांनी कित्येक दशकं या ग्रंथाला दिली आणि त्यांचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठानं २००३ मध्ये प्रकाशित केलं. ते मिळवाच. पण आधी लॅटिन परिच्छेद स्वतः वाचा, समजला तेवढा मराठीत लिहा, आणि मग भाषांतर उघडून ताडून पाहा. गावात शिक्षक नाही म्हणता, तर हे भाषांतर तुमचा शिक्षक. मुलाला ते भेट म्हणून आणायला सांगा.

माणसांची सोबतही शोधा. १९६० च्या दशकापर्यंत कॅथलिक चर्चमधली मुख्य प्रार्थना जगात बहुतेक ठिकाणी लॅटिनमध्ये होत असे आणि सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, ती भाषा कसून शिकवली जायची. गोव्यात, वसईत त्या काळी शिकलेले एखादे वयोवृद्ध फादर भेटले तर अवश्य जाऊन बसा. त्यांचा उच्चार चर्चचा असेल, 'च'वाला. एक पान वाचून दाखवा अशी विनंती करा आणि ऐका. कोणीतरी ती भाषा तोंडानं बोलताना ऐकणं फार मोलाचं असतं.

परीक्षा सध्या नको. परीक्षेसाठी पुन्हा तक्ते घोकावे लागतील, आणि तुम्हाला हवं आहे ते वाचन. त्याऐवजी एक करा. फामिलिया रोमानाचे पहिले दहा धडे झाले की दहाव्या धड्यातला कोणताही परिच्छेद न बघता, आठवेल तसा लॅटिनमध्ये लिहून काढा आणि मला पाठवा. कुठे मराठीनं फसवलं ते मी खुणा करून परत पाठवीन.